पत्र्याचा आवाज

प्रिय भिंगरी,

तू फोन ठेवलास त्याला बरेच दिवस झाले. ठेवलास म्हणजे आपटला नाहीस, ते तुझ्यात नाही. तू फक्त म्हणालीस, "आई, हे काय लावलंयस? हा बाप्या कोण बोलतोय?" आणि मी टाइप करून उत्तर देईपर्यंत पलीकडे कोणी उरलं नव्हतं. तेव्हापासून तुझे निरोप येतात. गोळ्या घेतल्यास का, गळ्यावरचं कापड बदललंस का, नळाचा माणूस येऊन गेला का. मीही हो, हो, हो असं लिहून पाठवते. फोन मात्र तू करत नाहीस. करशील तरी कसा? माझा हा आवाज ऐकायची तुझी तयारी नाही, आणि दुसरा आता माझ्याकडे नाही. म्हणून हे सविस्तर लिहायला बसले आहे. लिहिताना मला धाप लागत नाही आणि तुला मधेच फोन ठेवता येत नाही. जन्मभर भाषणं केलेल्या बाईला याहून चांगली सोय कुठे मिळणार?

आधी तब्येतीचं सांगते, म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल. मान अजून बधिर आहे. हनुवटीखाली हात फिरवला तर हाताला मान कळते, मानेला हात कळत नाही. डॉक्टर म्हणतात, काही भाग जागा होईल, काही नाही. वास येत नाही, कारण श्वास आता नाकातून जातच नाही, गळ्यावरच्या भोकातून जातो. परवा दूध करपलं ते मला धूर दिसल्यावर कळलं. चहा फुंकून पिता येत नाही. सवयीने ओठांचा चंबू करते आणि काहीच होत नाही. मग निवेपर्यंत कपाकडे बघत बसते. वाईट वाटतं का, असं तू विचारशील. खरं सांगू, काही वाटत नाही. वाईट वाटण्याच्या जागेचंही मानेसारखंच झालंय. चाचपून बघितलं की ती जागा आहे एवढं कळतं.

स्वरयंत्र काढायच्या ऑपरेशनच्या आधी तू केलेली धावपळ मी विसरलेले नाही. युनियनच्या लोखंडी कपाटातून जुन्या कॅसेटी काढल्यास. परिचारिकांच्या सभांमधली माझी भाषणं, हॉस्पिटलच्या गेटसमोरची, कॅन्टीनमधली, माईक बंद पाडला तेव्हाची. त्या सगळ्या त्या कंपनीला पाठवल्यास आणि कंपनीने त्यांतून माझा आवाज तयार करून दिला. गळ्याला टेकवून बोलायचं यंत्र मला लागू पडलं नाही, कातडी फार टणक झाली होती. तेव्हा हाच एक मार्ग उरला होता. मी लॅपटॉपवर लिहायचं आणि माझ्या आवाजात ते बाहेर पडायचं. पहिलं वाक्य तूच लिहिलंस, "नमस्कार, मी आई बोलतेय." मग तू रडलीस. जावईबापू भिंतीकडे तोंड करून चष्मा पुसत राहिले. मी आपली दोघांकडे बघत होते. आवाज माझा होता यात शंका नव्हती. माझ्यापेक्षा तरुण होता, एवढंच.

पण तो होता भाड्याचा. खातं तुझ्या नावावर, पासवर्ड तुझ्याकडे. इंटरनेट गेलं की मी मुकी. दर शनिवारी तू पिशवी घेऊन यायचीस, आठवड्याच्या गोळ्या डबीत भरायचीस, लॅपटॉप मांडीवर घेऊन त्याचं काय काय करायचीस आणि जाताना म्हणायचीस, "काही अडलं तर मी आहे ना." एकदा जावईबापू सोबत आले होते. दारात चपला घालता घालता त्यांनी तुला विचारलं, "पुलाचं काय कळवलंस मग?" तू त्यांच्याकडे असं बघितलंस की बिचारे उजवी चप्पल डाव्या पायात घालून जिना उतरले. मी काही ऐकलं नाही असं दाखवलं. मुकी माणसं बहिरीही असतात असं सगळ्यांना वाटतं, ते बरं पडतं.

मग ती युनियनची वार्षिक सभा झाली. वॉर्डात नर्सा किती आणि रोगी किती, त्याच जुन्या प्रश्नावर मी बोलणार होते. मी लिहिलं होतं की आठवडाभरात माणसं भरली नाहीत तर आम्ही वॉर्डाच्या दारात बसू आणि एकाही साहेबाला आत जाऊ देणार नाही. बटण दाबलं. आवाज आला नाही. पडद्यावर पाटी आली की हा मजकूर आमच्या धोरणात बसत नाही. समोर दोनशे बायका माझ्या तोंडाकडे बघत होत्या. आपला सेक्रेटरी, ज्याला तू लहानपणापासून कात्रीकाका म्हणतेस, कारण त्याने माझं एकही भाषण न कापता बुलेटिनमध्ये छापलं नाही, तो शेजारी वाकून म्हणाला, "ताई, हयातभर साहेबांना जमलं नाही ते या डबड्याने करून दाखवलं." मी वाक्य बदललं. "आम्ही नम्रपणे विनंती करू," असं लिहिलं. ते मात्र लगेच आलं, माझ्या आवाजात, किती गोड. आयुष्यात पहिल्यांदा मी नम्रपणे विनंती केली आणि तीही माईकवरून.

हे सगळं तुला माहीत आहे, म्हणून तुझा समज झाला की मी तत्त्वासाठी तो आवाज सोडला. तसा तुझा निरोपही आला, "तत्त्व, तत्त्व, तत्त्व. आई, माणसाने आवाजसुद्धा तत्त्वापायी सोडायचा? मी तुला तो परत मिळवून दिला होता." त्याकडे शेवटी येते. आधी झालं कसं ते सांगते.

विकिरणाचे, म्हणजे रेडिएशनचे, शेवटचे आठवडे तुझ्याकडे काढून मी घरी परतले, त्याच आठवड्यात वाचनालयाच्या दारावर एक कागद चिकटवलेला दिसला. लिनक्स नावाची संगणक चालवण्याची मुक्त प्रणाली, कोणाच्याही मालकीची नाही, कोणीही वापरा, उघडून बघा, बदला, दुसऱ्याला द्या, बुधवारी तळघरात शिकवू. मी गेले. तळघरात जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे, एक लांब टेबल आणि एक दातांची डॉक्टर. ही बाई दवाखाना बंद करून दर बुधवारी तिथे येते आणि लोकांचे संगणक दुरुस्त करते. लिहून बोलायला गळ्यात अडकवलेली असते त्या पाटीवर मी माझं सगळं लिहायला लागले, आजार, ऑपरेशन, कंपनी, धोरण. तिने थोडा वेळ वाचलं आणि म्हणाली, "ताई, दुखतंय कुठे तेवढं दाखवा. कधीपासून, कोणाच्या चुकीने, ते भूल चढेपर्यंत सांगा." मला ती आवडली असणार. आवडणं मला आता थेट कळत नाही, पण पुढच्या बुधवारी मी वेळेच्या आधी जाऊन बसले होते.

तू दिलेल्या लॅपटॉपला मी हात लावला नाही, आणि गोळ्या माझ्या मी भरते, शनिवारी येऊ नकोस, असं तुला लिहून कळवलंच होतं. युनियनच्या ऑफिसात एक जुना पडला होता, बिजागरी तुटलेला, पडदा मागे कलंडू नये म्हणून जुन्या बुलेटिनांच्या गठ्ठ्याला टेकवून ठेवावा लागतो. कात्री म्हणाला, "न्या, भंगारवाला पण नको म्हणाला." डॉक्टरने त्यात पेनड्राइव्ह खुपसला आणि पडद्यावर प्रश्न आला की आधी नुसतं वापरून बघायचंय की कायमचं बसवायचंय? मी त्या प्रश्नाकडे बघत राहिले. नोकरी, लग्न, ऑपरेशन, कुठेही मला असं कोणी विचारलं नव्हतं. दोन आठवडे नुसतं वापरून बघितलं. मग कायमचं. तेव्हा पाटी आली की यावरचं सगळं पुसलं जाईल, परत मिळणार नाही. डॉक्टर म्हणाली, विचार करून दाबा. मी विचार न करता दाबलं. एक रेघ डावीकडून उजवीकडे भरत गेली आणि नर्सांच्या ड्यूट्यांचे जुने तक्ते, न वाचलेली परिपत्रकं, सगळं गेलं. कोणाला काही झालं नाही.

पहिल्याच दिवशी घोडं अडलं. पासवर्ड मागणारी एक काळी खिडकी असते. मी टाइप करत होते आणि खिडकीत काहीच उमटत नव्हतं. ठिपका नाही, चांदणी नाही. कळफलक गेला असं समजून मी प्रत्येक बटण बोटाने दाबून, दाबून, शेवटी अंगठ्याने रेटून बघितलं. घरी उलटा करून झटकलाही. बुधवारी डॉक्टर हसली. म्हणाली, "दिसत नाही, पण जातंय. तुम्ही लिहा आणि एंटर मारा." तसं केलं तर खरंच आत गेले. मला राग यायला हवा होता. पूर्वीची मी असते तर अशा व्यवस्थेचा निषेध केला असता जी माणसाला त्याचं म्हणणं पोचल्याची पावतीसुद्धा देत नाही. आता मी पासवर्ड पाटीमागे लिहून ठेवला आणि पुढचं काम केलं.

मग वाय-फाय सापडेना. बुधवारला अवकाश होता आणि डॉक्टरने सांगितलं होतं की अडलं तर फोरमवर विचारा, जगभरची माणसं उत्तरं देतात. मी विचारलं. वाचनालयातल्या संगणकावर बसून सवयीने सुरुवात केली, बंधू-भगिनींनो. मग मक्तेदारी, मग ज्ञान कोणाचं, मग घाम गाळणाऱ्याच्या हाती अवजार का नसावं, आणि सगळ्यात खाली, तळटीप लिहावी तसं, माझ्या लॅपटॉपला वाय-फाय दिसत नाही. तासाभराने पहिलं उत्तर आलं, "आजी, वाय-फाय कार्ड कोणतं आहे?" दुसरं आलं, "भाषण फार आवडलं, बायकोला वाचून दाखवलं. आता एरर काय येतेय ते टाका." तिसऱ्याने न बोलता चार ओळी दिल्या, काळ्या खिडकीत टाकायच्या. टाकल्या. वाय-फाय आलं. तो माणूस कोण, कुठला, त्याचं काय अडलं होतं माझ्यावाचून? भिंगरी, मी तीस-पस्तीस वर्षं ज्यावर बोलले ते ही माणसं न बोलता करत बसली होती. यावर मी तासभर सभा गाजवली असती. चहा तेवढ्यात निवला होता, तो प्यायले.

प्रिंटर पंधरा दिवस रुसला होता. कोरे कागद काढायचा, एकामागून एक, अगदी मन लावून. बुलेटिनमधली जोडाक्षरं फुटून सांडायची, ती फॉन्ट बदलून सुधारली. ही रडगाणी तुला सांगायचं कारण नाही, तू पूल बांधणारी, तुला वाटेल आई खिळे मोजतेय. पण यातल्या एकाही वेळी मी तुला फोन केला नाही, हे मात्र ध्यानात ठेव.

आता त्या बाप्याचं. या प्रणालीत एक आवाज फुकट मिळतो, वर्षानुवर्षं स्वयंसेवकांनी घडवलेला. पत्र्याच्या डब्यात तोंड घालून कोणी हिशेब वाचून दाखवावा तसा आहे. त्याला सुख नाही, दुःख नाही. आनंदाची बातमी आणि मयताची बातमी एकाच दमात सांगेल. पण तो या लॅपटॉपच्या आत राहतो, इंटरनेट गेलं तरी बोलतो, आणि तो वाटेल ते बोलतो. मी त्याला पहिल्यांदा वॉर्डाच्या दारात बसायचं वाक्य दिलं. म्हणाला. न अडखळता, न लाजता म्हणाला.

फक्त त्याला थांबता येत नव्हतं. पूर्णविराम आला की गाडी सुटल्यासारखा पुढच्या वाक्यात शिरायचा. भाषणात शब्द कोणालाही जमतात गं, थांबणं जमत नाही. वाक्य टाकायचं, मग लोकांना त्याच्यासोबत एकटं सोडायचं, त्यांची चुळबुळ सुरू होते न होते तोच पुढचं. हे मी कोणाकडून शिकले नव्हते, गेटसमोर उभं राहून अंगात आलं होतं. डॉक्टरने मला दाखवलं की त्या आवाजाची सगळी आतडी साध्या फाइलींमध्ये उघडी पडलेली आहेत, आणि पूर्णविरामानंतर किती थांबायचं हा तिथे नुसता एक आकडा आहे. मी आकडा वाढवला, ऐकलं. परत वाढवला. डॉक्टर म्हणाली, "अहो ताई, एवढा थांबला तर माणसं उठून जातील." मी पाटीवर लिहिलं, उठायला लागतात तेव्हाच पुढचं वाक्य टाकायचं असतं. तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "हे तुम्ही त्यांना पाठवा. ज्यांनी हा आवाज केलाय त्यांना."

पाठवलं. तर एक माणूस विरोधात उभा राहिला. म्हणाला, एवढं थांबणं चालणार नाही. मी वाद घातला, तू ओळखतेस मला, मुद्देसूद, ऐतिहासिक दाखल्यांसह. त्याने शांतपणे लिहिलं की तो आंधळा आहे, दिवसभर याच आवाजाकडून वाचून घेतो, पुस्तकं, पत्रं, कामाचे कागद, आणि प्रत्येक पूर्णविरामाला आवाज एवढा थांबायला लागला तर त्याचा दिवस संपेल पण पान संपणार नाही. मी लिहिलं, तुमचं खरं आहे. मग त्यानेच तोड काढली, मूळ आकडा तसाच राहील, सभेत बोलणाऱ्यांसाठी एक वेगळी खूण ठेवू, ती लावली तरच थांबेल. तशी ती आता आहे. मला कळवायला त्याने एका ओळीचा निरोप धाडला, तुमचं थांबणं आत घेतलं आहे. मी तो निरोप वाचून लॅपटॉप मिटला आणि भांडी घासली.

एकदा मात्र पुरती बुडाले. अपडेट चालू असताना तुटक्या बिजागरीजवळची वायर निसटली आणि लॅपटॉप बंद पडला. परत लावला तर काळा पडदा आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांच्या रांगा, मुंग्यांसारख्या. डॉक्टर परगावी. त्याच सकाळी मला हॉस्पिटलात तपासणीला जायचं होतं. पाटी घेऊन गेले. नोंदणीच्या खिडकीवरच्या बाईने पहिला शब्द वाचला, दुसरा लिहीपर्यंत तिचा धीर संपला आणि तिने मागच्याला बोलावलं. परत आले. तुझा नंबर काढला. तू चाळीस मिनिटांत आली असतीस, तो जुना लॅपटॉप उघडला असतास आणि मला माझ्या गोड आवाजात बसवून गेली असतीस. नंबर तसाच समोर ठेवून मी डॉक्टरने लिहून दिलेल्या पायऱ्या काढल्या. पेनड्राइव्ह लावला, त्याच्यावरून चालू केलं, एकेक ओळ अक्षर जुळवून टाकली. दोनदा चुकले. दुपार गेली. मग ओळखीचा पडदा आला. मी बटण दाबलं आणि तो बाप्या त्याच्या त्या पत्र्याच्या गळ्याने म्हणाला, "तपासणीसाठी आले आहे, कृपया ऐकून घ्या." सकाळचं वाक्य, त्याच्यात अडकून राहिलेलं. मला आनंद झाला असं म्हणता येणार नाही. भूक लागली. बऱ्याच महिन्यांनी लागली, म्हणून सांगते.

दुसऱ्या दिवशी गेले त्याच खिडकीवर. लॅपटॉप काउंटरवर ठेवला. बाई दचकली, पण तिने पूर्ण ऐकलं. ऐकावंच लागतं, हा आवाज बोलायला लागला की सगळी रांग ऐकते.

परवा कॅन्टीनमध्ये सभा झाली. मी बोलले. आधी सगळ्या लॅपटॉपकडेच बघत होत्या, मागच्या बाकावर दोघी-तिघी पदर तोंडाला लावून हसत होत्या, त्यांच्या जागी असते तर मीही हसले असते. कात्री कानात म्हणाला, "आता भाषण कापायला मला कात्री नको, वायर ओढली की झालं." मग तो आवाज पहिल्या पूर्णविरामाला थांबला. पुरता थांबला. खुर्च्या कुरकुरल्या, कोणीतरी खोकलं, आणि त्या एकेक करून लॅपटॉपकडून माझ्याकडे वळल्या. पुढचं सगळं त्यांनी माझ्याकडे बघत ऐकलं. ठराव झाला, वॉर्डाच्या दारात बसायचा, नम्रपणे काही नाही. नंतर एक नर्स जवळ येऊन म्हणाली, "ताई, तुम्ही मधे थांबलात तेव्हा मला वाटलं बॅटरी गेली." मी हसले. हसण्याचाही आवाज येत नाही आता, खांदे हलतात फक्त. तिने ते बघितलं आणि ती पण तशीच, खांदे हलवून हसली.

आता ते तत्त्वाचं. तत्त्व खरं आहे, त्यावर मी आजही कोणाशीही वाद घालेन. पण भिंगरी, निव्वळ तत्त्वासाठी मी आवाज सोडला नसता. मी एवढी मोठी नाही. विनंती करणारा का होईना, तो माझा होता, मी त्याच्याकडून गोड बोलून कामं काढून घेतली असती. मी तो सोडला तुझ्या घरातल्या एका दुपारमुळे. मी पॅसेजमध्ये खुर्चीवर बसून गळ्याची धुतलेली कापडं घड्या करत होते. लॅपटॉप अपडेट करते म्हणून तू खोलीत घेऊन गेली होतीस. दार लोटलेलं होतं. आणि आतून मी बोलले. माझा आवाज म्हणाला, "जा तू. माझं मी बघेन." कापड माझ्या हातात तसंच राहिलं. थोड्या वेळाने परत, जरा वेगळं, "जा तू, माझं मी बघेन." तुला ते पटलं नसावं. परत काहीतरी बदललंस. "तू जा. माझं मी बघेन की." मग कळफलक वाजला, आणि मग, "जा गं. माझं मी बघेन." त्यानंतर तू आणखी काही बदललं नाहीस. तेवढंच एकदा पुन्हा ऐकलंस. मी तुला हाक मारली असती, पण मला बोलायला एकच आवाज होता आणि तो आत तुझ्याजवळ होता. तू बाहेर आलीस, डोळे धुऊन, आणि म्हणालीस, चहा टाकू का. मी मान हलवली.

तुझा पूल कुठे आहे, किती वर्षांचं काम आहे, तू पूलवाल्यांना कितीदा थांबा म्हणून कळवलंस, हे मी नंतर जावईबापूंकडून पाटीवर विचारून काढून घेतलं. त्यांच्यावर रागावू नकोस, मी युनियनवाली आहे, माझ्यापुढे मोठमोठे साहेब बोलून गेलेत. मला एवढंच कळून घ्यायचं होतं की त्या वाक्यातलं खरं किती. जा हे खरंच होतं, ते तू मला विचारलं असतंस तर मी पहिल्याच फटक्यात म्हटलं असतं. खोटं होतं ते दुसरं. माझं मी बघेन. मला लॅपटॉप सुरू करता येत नव्हता. खातं तुझं, पासवर्ड तुझा, गोळ्यांची डबी तू भरायचीस. तू गेली असतीस तर पहिल्या महिन्यात मी मुकी झाले असते, आणि तुला ते माहीत होतं, म्हणून तू ते वाक्य पुन्हा पुन्हा करून बघत होतीस. मला ते वाक्य आधी खरं करायचं होतं, बोलायचं नंतर. म्हणून ते तळघर, ती काळी खिडकी, ते कोरे कागद. त्या दिवशी फोनवर तू थांबली असतीस तर तेच वाक्य यायचं होतं. फोन आता कधी होईल ठाऊक नाही, म्हणून लिहून देते. जा गं. माझं मी बघते आहे. तो जुना आवाज तुला सोबत न्यायचा असेल तर ने, मला हरकत नाही, पण काही ठरवायचं असेल तेव्हा त्याला विचारू नकोस. तू त्या पुलावर हेल्मेट घालून उभी आहेस असं मी काल डोळ्यांसमोर आणून बघितलं. अजून काही वाटलं नाही. वाटेल तेव्हा वाटेल, तू त्यासाठी थांबू नकोस. पूलवाल्यांना होकार देऊन टाक, आणि या खेपेला मला विचारायला येऊ नकोस. दिल्यावर कळव.

तुझीच, आणि आता थोडी माझीही,
आई